शोकेसमधली आठ वर्षांची वाइन

प्रश्न : लग्नात भेट मिळालेली नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन आठ वर्षं शोकेसमध्ये जपली आहे. जुनी वाइन अधिक चांगली ना?

उत्तर : सगळी नाही. फ्रान्समधल्या बोर्दोची उत्तम रेड वाइन मुरते, कारण तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. वर्षानुवर्षं त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तुरटपणा मवाळतो, फळांचा वास मागे सरून चामडं, तंबाखू, सुकं अंजीर असे वास उमलतात. टॅनिन फारसं नसलेली तुमची वाइन मात्र ताजेपणीच, दोनेक वर्षांत प्यायची होती. त्यात बारा-चौदा अंशांच्या तळघराऐवजी तिच्या वाट्याला दिवाणखान्यातले आठ उन्हाळे! उघडून बघा. रंग तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा असेल, तर हवेनं ती बिघडली. प्यायल्यानं सहसा अपाय नाही, पण मजाही नाही. पाहुण्यांना मात्र देऊ नका.