संदेशांचे दप्तर : लहान संवाद-प्रणालीसाठी साठवणीची निवड

भीमेकाठचे दौंड रेल्वे जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. पावसाळ्यात मात्र तालुक्याचे लक्ष नदीच्या पातळीकडे असते. खडकवासला धरणातून मुठेत सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि पुढे दौंडकडे जाते. अशा वेळी तहसील कार्यालय, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व सरपंच यांच्यासाठी वेबवर चालणारी एक लहान संवाद-प्रणाली उभारावयाची आहे, असे समजू. तिच्यातील संदेश कोठे व कसे साठवावेत, हा या लेखाचा विषय आहे.

‘नदीकाठचे पंप काढून घ्यावेत’ हा संदेश रात्री निघाला आणि एखाद्या सरपंचाचा फोन बंद असला, तरी पहाटे फोन सुरू होताच तो संदेश त्यांना मिळाला पाहिजे. तो केवळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवला असेल, तर वीज जाताच पुसला जाईल. स्मृतीत नोंदी ठेवणारी रेडिस ही प्रणाली २००९ पासून वापरात आहे. ती अतिशय वेगवान असून या क्षणी कोण हजर आहे, यांसारख्या क्षणिक नोंदींना सोयीची आहे. मूळ संदेशाची जागा मात्र कायम साठवणीतच असावी.

साठवण किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. २०० सभासदांनी रोज प्रत्येकी २० संदेश पाठविले, तर ४,००० संदेश होतात. प्रत्येकी ५०० बाइट धरल्यास दिवसाला २ मेगाबाइट, म्हणजे वर्षाला सुमारे ७३० मेगाबाइट जागा लागते. साध्या संगणकालाही हा भार जड नाही. याउलट पुराचे एकच छायाचित्र दिवसभराच्या सर्व संदेशांइतकी जागा घेऊ शकते. म्हणून छायाचित्रे स्वतंत्र फाइलींमध्ये ठेवून तक्त्यात त्यांचा केवळ पत्ता नोंदवावा.

तक्त्यांची ही पद्धत आपणास नवीन नाही. महसुली दप्तरात गाव नमुना ७ आणि ८-अ हे खाते क्रमांकाने परस्परांशी जोडलेले असतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित डेटाबेसचे तत्त्वही असेच आहे. सभासद, गट व संदेश असे तीन तक्ते करून ते क्रमांकांनी जोडावेत. सभासदाचे पद बदलले, तर दुरुस्ती एकाच जागी करावी लागते.

अशा डेटाबेसचे दोन विनामूल्य पर्याय विशेष उपयुक्त आहेत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसक्यूलाइटमध्ये संपूर्ण दप्तर एकाच फाइलीत मावते आणि वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. त्यात एका वेळी एकच लेखन होते. पण ते क्षणार्धात संपत असल्याने एका तालुक्याचा भार ते सहज पेलते. अनेक संगणकांवरून एकाच वेळी लेखन होणार असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएल निवडावे. त्यासाठी मात्र देखभाल करणारी जाणकार व्यक्ती हवी. अशी व्यक्ती नसताना मोठी यंत्रणा उभारणे म्हणजे चालकाविना वाहन खरेदी करणे होय.

संदेशांचा क्रम फोनमधील घड्याळावर सोपवू नये, कारण सर्वांची घड्याळे सारखी नसतात. आवक नोंदवहीप्रमाणे मुख्य संगणकानेच अनुक्रमांक द्यावा. गट व अनुक्रमांक यांवर सूची तयार केल्यास शेवटचे ५० संदेश त्वरित सापडतात. फोन पुन्हा जोडला गेला, की ‘अमुक क्रमांकानंतरचे द्या’ एवढीच मागणी पुरते. रात्रीचा इशारा पहाटे पोहोचतो, तो याच व्यवस्थेमुळे.

शेवटची बाब दक्षतेची. दप्तराची प्रत रोज काढून दुसऱ्या गावी ठेवावी. एकाच इमारतीत पाणी शिरल्यास मूळ व प्रत दोन्ही जातील. चालू असलेली फाइल नुसती उचलून प्रत करू नये, तर डेटाबेसचीच प्रतिलिपी-सुविधा वापरावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे करून पाहावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ध्यानी घेऊन दूरध्वनी क्रमांकासारखी माहिती गरजेपुरतीच ठेवावी आणि जुने संदेश किती काळ जपावयाचे, हे आरंभीच ठरवावे.

सारांश, लहान कामाला लहान दप्तर पुरे आहे. मात्र ते टिकाऊ, क्रमवार आणि आपल्याच माणसांना सांभाळता येईल असे हवे. यंत्रणेची निवड तिच्या नावलौकिकावरून न करता, पुराच्या रात्री ती आपल्या गावाच्या उपयोगी पडेल काय, या कसोटीवर करणे हेच श्रेयस्कर होय.