स्प्रिंगवरची पिवळी खूण

पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायला गाडी कुठेही देणार असाल, तर आधी जुन्या स्प्रिंगांवर ऑइलपेंटची खूण करा आणि फोटो काढून ठेवा. माझ्या स्प्रिंगांवर घराच्या गेटचा उरलेला पिवळा रंग लावलेला होता. तेवढ्यामुळेच नागपूरच्या एका मॉडिफिकेशनवाल्याची लबाडी उघडी पडली.

एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, मोठी बॅटरी असं सगळं बसल्यावर गाडीचं तोंड खाली बसलं होतं. मला वजन पेलणाऱ्या स्प्रिंगा हव्या होत्या. हे त्याला त्याच्या कामगारांसमोर स्वच्छ सांगितलं होतं. तो म्हणाला, "काका, एकदम नवीन जोडी आहे. गाडी कडक चालेल आणि दिसेलही भारी." सात हजार घेतले. पक्कं बिल मागितलं तर वहीचं पान फाडून हातात दिलं. जुन्या स्प्रिंगा मागितल्या तर म्हणे भंगारात गेल्या.

देवळी सोडल्यापासूनच प्रत्येक खड्ड्यात पुढून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज यायला लागला. फोन केला. "जुनी गाडी आहे काका, आवाज येणारच. स्प्रिंग सेट व्हायला वेळ लागते." पुढे आर्णी रोडवर पंक्चर झालं. जॅक लावला, चाक लोंबलं आणि आतली स्प्रिंग खुळखुळली. हात घालून पाहिलं तर ती जागेवरच फिरत होती. चांगली स्प्रिंग चाक पूर्ण लोंबलं तरी सीटमध्ये घट्ट बसलेली असते. काळा रंग नखानेच निघत होता. थोडा खरवडला आणि खालून पिवळा रंग दिसला.

माझ्याच स्प्रिंगा होत्या त्या. एक वेढा कापायचा, काळा स्प्रे मारायचा आणि सात हजाराला परत मलाच विकायच्या! घरी आल्यावर मिस्त्रीने त्या बाहेर काढल्या. कापलेलं टोक तिरपं होतं आणि त्याच्याजवळ निळसर झाक होती, म्हणजे कापताना तिथे आच लागलेली. स्प्रिंगचं पोलाद असं तापलं की त्याचं टेम्परिंग बिघडतं. मग ती बसते किंवा तिथूनच मोडते.

पुन्हा फोन केला, तर म्हणाला, "पिवळी खूण कंपनीचीही असते." सर्व्हिसच्या वेळचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं, "एवढ्या पैशात हेच मिळते. आणि गाडी खाली तुम्हालाच पाहिजे होती." मी कधीही तसं म्हटलेलं नाही. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

अशा लोकांचं फावतं, कारण सुटे भाग मिळत नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनणं बंद होऊन वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून तीही २०२३ मध्ये गेली. टॅक्सी होत्या तोवर मालाला उठाव होता.

यवतमाळात ट्रकचे पाटे बसवणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीने जे सांगितलं, ते त्या चकचकीत दुकानात कुणालाच ठाऊक नसावं. "भाऊ, स्प्रिंग उंची पाहून नाई, वजन पाहून घ्या लागते." तेव्हा आधी वजनकाट्यावर जा. आपल्याकडे जिनिंगच्या आवारात काटे आहेत. कापसाचा हंगाम सरला की गर्दीही नसते. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. एसी बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. वाढ किती ते कळलं की निम्मं काम झालं.

मग व्हर्नियरने तारेची जाडी मोजा, रंग खरवडून. इथे एका मिलिमीटरला फार किंमत आहे: बाकी सगळं तेच ठेवून तार १२ ऐवजी १३ मिमी घेतली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. काम करणाऱ्या आठ वेढ्यांतला एक कापला तर ती १४ टक्के कडक होते खरी, पण लांबी घटल्याने गाडी बंप स्टॉपवर टेकते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. शिवाय पद्मिनीत पुढची स्प्रिंग आर्मवर चाकापासून आत बसते. ती आर्मच्या मधोमध असेल तर चाकावर वाढलेले १० किलो स्प्रिंगवर २० होऊन पडतात. दुसऱ्या गाडीची स्प्रिंग "मापाला बसते" म्हणून घेऊ नका.

ऑर्डरप्रमाणे स्प्रिंग गुंडाळून देणारे छोटे कारखानदार असतात. त्यांना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे, मोकळी लांबी आणि टोकांचा आकार लिहून द्या. टेम्परिंग झाल्यावर स्प्रिंग एकदा पूर्ण दाबून मगच लांबी मोजायला सांगा. जी बसायची ती तिथेच बसते.

मागे पाटे आहेत, त्यांना कॅम्बर देण्याचं काम जिल्ह्यातच होतं. बुश बदलले तर बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. लोंबत्या चाकावर आवळले की रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. शॉकअप थकलेले असतील तर आधी ते बदला. टायरची हवा बघा. घाई करू नका, चार ठिकाणी विचारा.

इंजिन किंवा सांगाड्याला मात्र हात लावू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाला एमएच-२९ च्या कार्यालयात गाडी उभी करावी लागते, तिथे अडचण होईल.

आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वहीचं पान, फोटो आणि कापलेल्या दोन्ही स्प्रिंगा घेऊन मी यवतमाळच्या ग्राहक आयोगात जाणार आहे. तुमच्याकडेही असलीच "नवीन" जोडी असेल, तर रंग खरवडून बघा आणि तुम्हीही या.