घराचे कुंपण

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जाऊ लागले, म्हणजे वसईची खाडी ओलांडण्यापूर्वीचे शेवटचे स्थानक लागते, ते भाईंदर होय. स्थानकाच्या पश्चिमेस राई, मुर्धा, मोर्वा ही जुनी गावे असून तोच रस्ता पुढे उत्तनच्या समुद्रकिनाऱ्याकडे जातो. हा मुलूख मिठागरांचा म्हणून फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. खाडीचे पाणी उन्हात आटवून जेथे मीठ पिकते, तेथील वाराही खाराच असावयाचा. मिठाचे सूक्ष्म कण त्या वाऱ्याबरोबर घरोघर फिरतात व लोखंड दिसेल तेथे त्यास चिकटतात. म्हणून देशावर वर्षानुवर्षे टिकणारी तार येथे लवकरच तांबूस पडते. अशा ठिकाणी कुंपण घालणे सोपे, परंतु राखणे कठीण.

पहिली गोष्ट हद्दीची. भूमी अभिलेख कार्यालयाकडून जागेची मोजणी करून घ्यावी आणि त्या वेळी शेजाऱ्यासही आवर्जून बोलवावे. हातभर जमिनीपायी दोन भावांच्या घरांतील जाणे-येणे पिढ्यानुपिढ्या बंद पडल्याची उदाहरणे कोणत्याही गावी सापडतील. मोजणीस लागणारा खर्च त्यापुढे काहीच नव्हे. हद्द ठरली, की दोन टोकांस खुंट्या ठोकून दोरी ताणावी.

पूर्वी कोकणपट्टीत जिवंत झाडांचेच कुंपण असे. पावसाळ्याच्या तोंडी भेंडीच्या किंवा पांगाऱ्याच्या जाड फांद्या जमिनीत रोवल्या, म्हणजे त्यांस पालवी फुटते. ही भेंडी भाजीची नव्हे. समुद्रकाठी वाढणारा तो पिवळ्या फुलांचा वृक्ष. खारी हवा त्याला मानवते. मोगली एरंडास गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून तोही लावीत. मात्र त्याच्या बिया विषारी असतात. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. लहान मुलांच्या घरी ही दोन्ही झाडे न लावलेली बरी.

आता बहुतेक जण तारेकडे वळतात. काटेरी तारेचे सुधारलेले एकस्व अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ मध्ये मिळविले. त्यापूर्वीच, १८३७ मध्ये, सोरेल या फ्रेंच गृहस्थाने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर मुलामा देण्याच्या कृतीचे एकस्व घेतले होते. या जस्ताचा गुण मोठा विलक्षण आहे. मुलाम्यावर बारीक ओरखडा पडला, तरी जस्त आधी स्वतः झिजते व शेजारच्या लोखंडास वाचविते. तार कापली, की कापलेल्या टोकास जस्ताचा रंग लावावयाचा तो याचसाठी.

खांबाची एक तृतीयांश लांबी जमिनीत असावी आणि तो ओळंब्यात उभा करावा. तारेची सारी ओढ कोपऱ्यांतील खांबांवर येते. त्यांना तिरका टेकू दिला नाही, तर पहिल्याच पावसात ते आत झुकतात. लाकडी खांबाच्या बुडास डांबर लावावे. काँक्रीट करताना खाडीची वाळू किंवा मचूळ पाणी कदापि वापरू नये. आतील गज गंजून फुगतात व खांब उभा तडकतो. खांबाभोवतीचा काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही.

राखणीवाचून कुंपणाचे काय होते, याचे एक प्रचंड उदाहरण आपल्याच देशात घडले, आणि तेही मिठापायीच. कर चुकवून मीठ एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊ नये, म्हणून इंग्रज सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची सीमा आखली होती. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २,३०० मैल होती व तिच्या पहाऱ्यास जवळजवळ १२,००० माणसे होती. या सीमेवर पुष्कळ ठिकाणी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांची जिवंत वई वाढविली होती. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम हे काही काळ या खात्याचे प्रमुख होते. वाळवी, वणवे आणि वादळे यांच्याशी झगडत माणसे ती वई जोपासीत. १८७९ मध्ये ही सीमा मोडली, पाणी घालणारे हात गेले, आणि आज त्या वईचा मागमूस क्वचितच लागतो.

भाईंदरच्या अंगणात इतके मोठे काम नसते. पाऊस सरला, की दसऱ्याच्या सुमारास एकदा कुंपणाभोवती फिरावे, खांब हलवून पाहावेत आणि सैल तार ताणावी. चढलेले वेल उपटावेत, कारण त्यांच्याखाली ओल टिकते. गंज दिसेल तेथे तो काचकागदाने घासून गोड्या पाण्याने धुवावा व वाळल्यावर गंजरोधक रंग द्यावा. तुटकी तार त्याच दिवशी बदलावी. चेंडू आणावयास धावणाऱ्या मुलाला तिच्यावरील गंज दिसत नाही. फाटक जमिनीला घासू लागले असेल, तर फाटक तासू नये; बहुधा वरची बिजागरी सैल झालेली असते.