विचारले नाही म्हणून न कळलेले दुखणे

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे मंडळाने सुचविले तेव्हा आम्ही आरोग्याचा विषय घेतला. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून. आकडे वाचण्याची सवय तेवढी आहे. म्हणून स्त्रियांच्या आजारांविषयी आपल्याच महाराष्ट्रात झालेल्या एका अभ्यासाचे आकडे येथे मांडीत आहोत. भगिनींनी ते वाचावेतच. पण बंधूंनी व विद्यार्थ्यांनी अधिक लक्ष देऊन वाचावेत, ही विनंती.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेद्वारे काम करीत आले आहे. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. या दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात जानेवारी १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

विद्यार्थ्यांनी येथे अभ्यासाची पद्धत नीट समजून घ्यावी. त्यापूर्वी स्त्रीरोगांची माहिती बहुधा दवाखान्याच्या नोंदवहीवरून घेतली जाई. परंतु नोंदवहीत नाव येते ते दवाखान्याची पायरी चढलेल्या बाईचे. बँकेच्या खातेदारांची यादी पाहून गावातील गरिबी मोजावी, तसाच हा प्रकार! ज्याचे खातेच नाही, तो त्या यादीत कुठून येणार? बंग दांपत्याने यादी उलटी धरली. तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियांना तपासणीसाठी बोलावले आणि तपासणीची सोय गावातच नेली.

निष्पन्न काय झाले? तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. म्हणजे ६५० मध्ये सुमारे ५९८ जणी. सरासरी काढली तर दर स्त्रीमागे ३.६ आजार. यांतील निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. आणि यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के, म्हणजे अवघ्या ५२ च्या आसपास.

दोनच गावांचा हा अभ्यास. तेव्हा ९२ टक्के हा आकडा उचलून साऱ्या देशाला चिकटवू नये. भाषणांतून तसे होताना आम्ही ऐकले आहे. परंतु त्यातील आणखी एक आकडा आम्हांला अधिक बोलका वाटतो. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्के स्त्रियांनी तक्रारच सांगितली नव्हती. आजार मात्र ९२ टक्के स्त्रियांत निघाले. 'तिला काही त्रास नाही, असता तर बोलली असती' असे आपण घरोघर म्हणतो, त्याला या हिशेबात आधार सापडत नाही. काही आजार सुरुवातीला खरोखरच त्रास देत नाहीत. आणि पांढरे जाणे, कंबर व ओटीपोट दुखणे, अंग बाहेर येणे या गोष्टी बाईच्या जातीला असायच्याच, असे आईकडून मुलीकडे सांगितले जाते. त्यात तपासणारा पुरुष असेल, दिवसाची मजुरी बुडणार असेल आणि सोबत येणारे कोणी नसेल, तर ती बोलणार तरी कोणाजवळ?

सरकारी आरोग्यसेवेचे लक्षही तेव्हा मुख्यतः गर्भारपण, बाळंतपण व कुटुंबनियोजन यांवर होते. पुढे १९९४ साली कैरोच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत स्त्रीच्या एकूण प्रजनन आरोग्याचा विचार पुढे आला आणि १९९७ मध्ये आपल्या सरकारने प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. २००५ नंतर आशाताई गावोगाव आल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया आढळल्या केवळ १.९ टक्के. हा आजार लवकर कळला तर बरा होऊ शकतो, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आता आमच्याच चुकीविषयी. मागे एका आरोग्य शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर आम्ही बसलो होतो. मोठ्या हॉलमध्ये सर्वांसमोर रक्तदाब व साखर तपासणी चालू होती. एक मध्यमवयीन भगिनी केसपेपर घेऊन बराच वेळ घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, बाई डॉक्टर आहेत का हो?" आम्ही मान न उचलताच "नाहीत" म्हणालो आणि पुढचे नाव पुकारले. त्यांनी केसपेपराची घडी घातली, पिशवीत ठेवली व त्या निघून गेल्या. संध्याकाळी अहवालात आम्ही लाभार्थींची संख्या लिहिली, त्यात त्यांचेही नाव होते!

म्हणून येत्या शिबिरासाठी आम्ही कार्यकारिणीकडे लेखी मागणी केली आहे. एक स्त्री डॉक्टर, आतून कडी लागणारी वेगळी खोली, आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या भगिनींसोबत महिला शाखेतील एक जण. दोघींचे एसटीचे भाडे कल्याण निधीतून द्यावे, असेही सुचविले आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे; मंजुरी अद्याप यावयाची आहे.