विहिरीचे पाणी आणि पोत्यावरची तारीख

2019 सालचा ऑगस्ट महिना आठवा. कृष्णेला महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची खूण आहे 45 फुटांवर. नदीकाठची कितीतरी गावे बुडाली. गावात कमरेइतके पाणी, आणि प्यायला घोटभर नाही! पूर ओसरला तेव्हा विहिरी तुडुंब होत्या. पण त्यांत काय होते? गटारे, उकिरडे, मेलेली जनावरे, सारे धुऊन आलेले पाणी.

तेव्हा आम्ही काठच्या एका गावी मदतीला गेलो होतो. एक आजी हंड्यात तुरटी फिरवत बसल्या होत्या. तासाभराने गाळ खाली बसला. वरचे पाणी आरशासारखे झाले. आजी म्हणाल्या, "बघा गुर्जी, झालं का न्हाई निर्मळ?"

निर्मळ दिसले खरे. पण तुरटीने गाळ बसतो, रोगाचे सगळे जंतू मरत नाहीत. पटकी, हगवण, विषमज्वर, कावीळ हे रोग पाण्यातून येतात. त्यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

लंडन शहरात 1854 साली पटकीची साथ आली. एका गल्लीत पाण्याचा पंप होता. त्याचे पाणी चांगले अशी ख्याती होती. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर फिरून चौकशी केली. मेलेली बहुतेक माणसे त्याच पंपाचे पाणी पिणारी निघाली. मग पंपाचा दांडाच काढून ठेवण्यात आला. पाणी चांगले दिसत होते, तरी माणसे मेली.

म्हणून गाळ बसवल्यावर जंतू मारायचे. विहिरीसाठी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, वापरतात. ती ग्रामपंचायतीत असते. पुराची विहीर आधी उपसून घ्यावी. गाळ काढावा. नवे पाणी आले की मग औषध टाकावे.

किती टाकावे? हजार लिटरला 5 ग्रॅम, असे आपल्याकडे शिकवतात. समजा, गोल विहीर 4 मीटर रुंद आहे. पाणी 3 मीटर खोल आहे. 4 गुणिले 4 गुणिले 3, झाले 48. विहीर गोल, म्हणून त्याची ढोबळमानाने पाऊणपट धरा. आले 36. म्हणजे 36 हजार लिटर पाणी. त्याला 180 ग्रॅम पावडर. गढूळ पाण्याला जास्त लागते.

पावडर तशीच विहिरीत उधळू नये. निम्मी निम्मी करून दोन बादल्यांत कालवावी. दहा मिनिटे थांबावे. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते. हे काम रात्री केलेले बरे. निदान अर्धा तास पाणी भरू नये.

आम्ही हे सारे नीट केले. संध्याकाळी लोकांना सांगितले, "खुशाल प्या." तिसऱ्या दिवशी दोन आळ्यांतली पोरे जुलाबाने आजारली. एका चिमुरडीला मिरजेला नेऊन सलाईन लावावे लागले. पोर वाचली. मग आम्ही पाणी ओटीच्या थेंबांनी तपासले. पाण्यात औषध शिल्लक असेल तर ओटीने पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही. पोते पाहिले. ते दोन वर्षांपूर्वीचे, तोंड उघडे, ओलीत पडलेले. अशा पावडरीतला क्लोरीन उडून जातो, उरतो नुसता चुना. तारीख पोत्यावर छापलेली होती. पस्तीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले, आणि ती एक ओळ वाचली नाही.

नवे पोते आणले. ओटीने रंग आला. आता आजींची तक्रार आली, "गुर्जी, पाण्याला लई वास मारतोय. च्या बिघडतो."

आम्ही म्हटले, "आजी, वास येतोय म्हणजे औषध जागेवर आहे. नुसती पावडर होती तेव्हा वास नव्हता." पाणी उघड्या भांड्यात थोडे ठेवले की वास कमी होतो.

घरी पाणी उकळणे हाही खात्रीचा उपाय आहे. आधी दुहेरी फडक्याने गाळावे. खळखळ उकळी आल्यावर पाच-दहा मिनिटे तसेच ठेवावे. त्याच भांड्यात झाकून निववावे. मग ओगराळ्याने घ्यावे. हात बुडवला की केलेले फुकट गेले! सरपण महाग आहे, हे आम्हालाही कळते. निदान लहान पोरे, गरोदर बाया आणि आजारी माणसे यांच्यापुरते तरी उकळावे.

माण, खटाव, जत, आटपाडीकडे वेगळीच अडचण असते. तिथल्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. बंबाच्या आत पांढरा थर धरतो. तो थर जाड झाला की पाणी तापायला जळण जास्त लागते. थर अधूनमधून काढवून घ्यावा. टीसीएलने जडपणा जात नाही.

आणि पोरांचे पोहणे? पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला आम्हीही शिकलो. पण पिण्याच्या विहिरीत पोहू नये. शहरातल्या पोहण्याच्या तलावातही हाच क्लोरीन घालतात, कारण पोहणाऱ्याच्या तोंडात पाणी जातेच.

नळाचे गाव असेल तर ओटीची तपासणी टाकीजवळ करून थांबू नये. औषध वाटेत खर्ची पडते. सगळ्यांत शेवटच्या घरी जावे, तिथल्या नळाचे पाणी नळीत घ्यावे, आणि रंग येतो का ते पाहावे.