काळा पडदा दिसला तरी घाबरू नकोस

अगं, लॅपटॉपवर उबंटू टाकलंस, फार बरं वाटलं. आता ग्राफिक्स ड्रायव्हरला हात लावायच्या आधी माझं जरा ऐक.

आधी कार्ड कुठलं आहे ते बघ. नुसतं इंटेल किंवा एएमडी असेल तर वेगळं काही टाकायला लागत नाही. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसामध्ये असतातच. एनव्हिडिया असेल तरच पुढचं तुझ्या कामाचं.

विंडोजच्या सवयीने तू कंपनीच्या साइटवरून डॉट रन फाइल उतरवायला जाशील. ते नको करूस, बाई. तसा टाकलेला ड्रायव्हर बहुतेकदा त्या वेळच्या कर्नलपुरताच बांधलेला असतो. अपडेटमध्ये कर्नल बदलला की लॉगिनसुद्धा दिसत नाही. त्यापेक्षा ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघड आणि ‘टेस्टेड’ लिहिलेला निवड. केप्लर पिढीचं जुनं कार्ड असेल तर 470च्या पुढचा ड्रायव्हर त्याला चालतच नाही, तेवढं लक्षात असू दे.

खरा घोळ होतो तो सिक्युअर बूटपाशी. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतात. रीस्टार्ट केलंस की निळा पडदा येतो. तो व्हायरस नाही आणि बिघाडही नाही! ड्रायव्हरवर ज्या किल्लीने सही केलेली असते ती मशीनमध्ये नोंदवायला तो येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचाच ठेव, कारण तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरतात. काही सेकंदांत कळ दाबली नाहीस तर पडदा निघून जातो, मशीन नेहमीसारखं सुरू होतं, पण सही न पटलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. कितीतरी नवी मुलं इथेच ड्रायव्हरला नावं ठेवून लिनक्स सोडून देतात, मला फार वाईट वाटतं गं. तो पडदा हुकला तरी टर्मिनलमधून ‘मोकुटिल’ ही आज्ञा वापरून ती किल्ली पुन्हा नोंदवायला टाकता येते.

आणि पडदा काळाच राहिला, तर मशीन मेलेलं नसतं. सुरू होताना ग्रबचा मेन्यू काढ, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवड. तेही जमलं नाही तर ‘ई’ची कळ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिही आणि एफ10 दाब. तो बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही कायमचं बिघडेल ही भीती नको.

सगळं झालं की टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवून बघ. कार्डाच्या नावासकट तक्ता आला की जमलं. नाहीच आला, तर जे काही लिहून येईल त्याचा फोटो मला पाठव, रात्री कितीही वाजलेले असोत.