जुन्या गाडीचा हिशेब

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण नावाचे गाव आहे. उजनी धरणाचे पाणी गावाजवळ दूरवर पसरलेले आहे. तेथील मासळीबाजार प्रसिद्ध आहे. दरवर्षी तेथे रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला लांबून लोक येतात. गावाला रेल्वे आहे, एस.टी. आहे. तरीही रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडले, तर वाटते, आपल्या दारात गाडी असती तर! नवी गाडी घेणे सर्वांना परवडत नाही. मग घरात जुन्या गाडीचा विषय निघतो.

लहान पेट्रोल गाडी म्हटले, की अजूनही पुष्कळांना मारुती ८०० आठवते. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने ही गाडी हरियाणातील गुडगाव येथे तयार होऊ लागली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती आली. तिचे इंजिन ७९६ सी.सी.चे आणि तीन सिलिंडरचे होते. गाडी हलकी, म्हणून पेट्रोल कमी लागे. रचना साधी, म्हणून गावोगावचे मिस्त्री ती दुरुस्त करू शकत. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज विकायला आलेली प्रत्येक मारुती ८०० दहा वर्षांहून अधिक जुनी आहे.

जुनी गाडी घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात, “केवढ्याला मिळते?” हा प्रश्न बरोबर आहे, पण तो पुरेसा नाही. गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते. गाडीचा खर्च मात्र रोज चालू राहतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा, “चालवायला केवढ्याला पडते?”

आपण एक उदाहरण सोडवू. भिगवणहून पुण्याला जाऊन येण्याचे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे. समजा, दोन जुन्या गाड्या विकायला आहेत. पहिली गाडी नीट राखलेली आहे. ती एका लिटरमध्ये १६ किलोमीटर जाते. दुसरीची आबाळ झालेली आहे. ती साडेबारा किलोमीटरच जाते. पण ती पंधरा हजार रुपयांनी स्वस्त आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. पुण्याच्या एका फेरीला पहिलीला साडेबारा लिटर, म्हणजे १,३०० रुपयांचे पेट्रोल लागेल. दुसरीला १६ लिटर, म्हणजे १,६६४ रुपयांचे लागेल. एका फेरीत ३६४ रुपयांचा फरक पडला. वर्षात अशा ५० फेऱ्या झाल्या, तर फरक १८,२०० रुपये होईल. स्वस्त गाडीत वाचवलेले पंधरा हजार वर्षाच्या आतच धुरात गेले! दुरुस्तीचा खर्च तर आपण अजून धरलेलाच नाही.

एका लिटरमध्ये गाडी किती जाते, याला लोक ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ते विकणाऱ्याच्या सांगण्यावरून मानू नये, स्वतः मोजावे. टाकी पूर्ण भरावी आणि मीटरवरील आकडा लिहून ठेवावा. दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी. मग टाकी पुन्हा पूर्ण भरावी. चाललेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनी भागले, की खरे उत्तर मिळते.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इंदापूर आणि बारामती हा उसाचा प्रदेश आहे. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल तयार होते. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. यामुळे परदेशातून कमी तेल आणावे लागते. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. शिवाय फार जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात. म्हणून त्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात.

गाडी भरवशाची आहे, हे कसे ओळखावे? केवळ वयावरून नव्हे, तर निगेवरून. गाडी सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जाळत आहे. धूर काळा असेल, तर पेट्रोल वाया जात आहे. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१८’ याचा अर्थ, तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली, तरी फार जुने रबर उन्हाळ्यात महामार्गावर दगा देऊ शकते. ऑइल केव्हा बदलले, हे लिहिलेली वही मालकाजवळ असेल, तर ती गाडी निम्मी पारखली असे समजावे.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करू नये. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. भिगवणच्या लोकांचे हे काम बारामतीच्या परिवहन कार्यालयात होते. गाडी घेतल्यावर ३० दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. “नाव नंतर बदलू,” असे म्हणून कधीही थांबू नये. अपघात झाला, तर ज्याचे नाव कागदावर असेल, त्याला भरपाईसाठी कोर्टात उभे राहावे लागते. बिचाऱ्या जुन्या मालकाचा त्यात काय दोष?

मित्रांनो, तुमचे अब्बा किंवा चाचा जुनी गाडी पाहायला निघाले, तर तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन सोबत जा. भागाकार तुम्हांला येतो, मराठी कागद तुम्हांला वाचता येतो. घामाचा पैसा योग्य जागी खर्च व्हावा, यासाठी एवढे शिक्षण पुष्कळ उपयोगी पडते.

शब्दार्थ
निगा – काळजी, देखभाल
आबाळ – हेळसांड, दुर्लक्ष
पारखणे – तपासून ओळखणे
मळी – साखर तयार करताना उरणारा घट्ट, काळसर द्रव

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाला केव्हा मिळाली?
(आ) निळसर धुरावरून काय समजते?
२. एक गाडी २८८ किलोमीटर चालली. टाकी पुन्हा भरताना १८ लिटर पेट्रोल लागले. तिचे ॲव्हरेज काढा.
३. हिशेब, किंमत, खर्च, दुरुस्ती, मालक हे शब्द थोड्या फरकाने उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.